चिमटाबाईंचं एक मिनिट

चिमटाबाईंचा उजवा हात त्यांच्या हुकमात नव्हता. बाकीच्या बाई शहाण्या, शांत, कामाला वाघ. पण मनगटाच्या पुढचा कारभार वेगळाच होता. तान्ह्या बाळाचं रडणं कानावर पडलं, की तो हात एप्रनच्या खिशात जायचा, तिथला चिमटा काढायचा आणि समोर जे काही लोंबत असेल त्याला लावून मोकळा व्हायचा. कट्‌ असा आवाज आला, की मग बाईंना कळायचं, आपण काहीतरी करून बसलो.

याला कारणही तसंच होतं. प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून धडा घोकून घेतला होता: बाळ आलं, रडलं, नाळेला चिमटा, कात्री, बाळ पाळण्यात. "मधे श्वास घ्यायचा असेल तर तो बाळाने घ्यायचा, आपण नाही," असं ते म्हणायचे. बाईंनी तो धडा असा काही आत्मसात केला, की बाळाच्या पहिल्या ट्यँहँचा ट्यँ संपायच्या आत चिमटा लागलेला असायचा. मोठे डॉक्टर पाहुण्या डॉक्टरांना सांगायचे, "आमच्या सिस्टरचा हात बघायचा तर डोळ्याची पापणी मिटू नका, राहून जाईल बघायचं." तेव्हापासून चिमटाबाई हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथेच राहिलं.

आता चिमटा म्हणजे काय, तर बोटाएवढा, पांढरा, प्लास्टिकचा. आत बारीक दात. एकदा मिटला की उघडायचं नाव नाही. काढायचा तर त्याची एक वेगळी कातरी असते, तिने कापूनच काढावा लागतो. मुदत संपलेले चार-दोन चिमटे बाईंच्या उजव्या खिशात कायम असायचे आणि ती कातरी डाव्या. कातरी असायची म्हणूनच बरं. नाहीतर शेजारच्या घरात बाळ रडलं म्हणून पडद्याला लागलेला चिमटा, टीव्हीवर पावडरच्या जाहिरातीत बाळ रडलं म्हणून वर्तमानपत्राला लागलेला चिमटा, दुकानात रांगेत उभं असताना मागचं बाळ रडलं म्हणून पुढच्या गृहस्थांच्या पट्ट्याला लागलेला चिमटा, हे सगळं सोडवायचं कुणी?

हे असं सुखाने चाललेलं असताना धाकट्या डॉक्टर आल्या.

धाकट्या डॉक्टर म्हणजे मोठ्या डॉक्टरांची सून. शिकून आलेली, बोलायला गोड आणि मुद्दा सोडायला अजिबात तयार नसलेली. सासरे-सून एकाच इमारतीत राहायचे. वर घर, खाली प्रसूतिगृह. वर ती त्यांना बाबा म्हणायची आणि खाली सर. ते तिला वर सूनबाई म्हणायचे आणि खाली डॉक्टर. पण भांडण जुंपलं की जिने आणि मजले विसरले जायचे आणि कोण कुणाला काय म्हणतंय यावरून बाहेर बसलेल्यांना कळायचं, की आत किती पेटलंय.

त्या दिवशी चहाच्या वेळी बऱ्यापैकी पेटलं होतं.

"बाबा, बाळ जन्मलं तरी त्याचं बरंच रक्त अजून वारेत असतं," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. "नाळेची नाडी उडत असते तोवर ते बाळाकडे येत राहतं. आपण लगेच चिमटा लावतो आणि ते वारेबरोबर बादलीत जातं."

"बादलीत! ऐका सिस्टर. म्हणजे चाळीस वर्षं मी बादल्या भरत बसलो होतो."

"तसं नाही म्हणाले मी, सर."

'बाबा'चं 'सर' झालेलं ऐकल्याबरोबर चिमटाबाईंनी आपला कप उचलला आणि खुर्ची जरा मागे घेतली.

"कावीळ झाली की?" मोठे डॉक्टर म्हणाले. "निळ्या दिव्याखाली कोण ठेवणार बाळाला? बाळ गार पडलं तर? आईला रक्तस्राव झाला तर?"

"कावीळ थोड्या बाळांना जास्त होते, खरं आहे. लक्ष ठेवायचं. गार पडू नये म्हणून आईच्या पोटावर ठेवायचं, वरून टॉवेल. आईचं इंजेक्शन त्याच वेळी देता येतं. आणि बाळ रडलंच नाही, निपचित पडलं, तर मी तरी कशाला थांबू? मी एक मिनिट म्हणतेय. जमलं तर थोडं जास्त. अंगात लोह साठतं हो त्याच्या, पुढे महिनोन्‌महिने पुरतं."

"मी शिकत होतो तेव्हा पुस्तकं सांगत होती, लगेच कापा. आता तुमची सांगतात, थांबा. आणखी दहा वर्षांनी सांगतील, कापूच नका, शाळेत नाव घालेपर्यंत राहू द्या."

यावर चहाखोलीत असे काही हसले सगळे, की धाकट्या डॉक्टरांच्या कपातला चहा बशीत आला. त्यासुद्धा हसल्या. पण कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्याच, "माझ्या पेशंटना मी थांबणार."

"थांबा. माझ्या पेशंटना मी कापणार," मोठे डॉक्टर म्हणाले आणि ताठ मानेने निघून गेले.

चिमटाबाईंना या वादात काडीचा रस नव्हता. धाकट्या डॉक्टरांच्या बाळंतपणात त्या पाळण्यापाशी उभ्या राहायच्या आणि हात पाठीमागे बांधून घ्यायच्या. पण खोलीत बाळ रडलं की पाठीमागे कट्‌ व्हायचं आणि बाईंचा एप्रन बाईंच्याच कमरपट्ट्याला अडकायचा.

मग त्यांच्या लेकीला दिवस गेले आणि वाद त्यांच्या घरात येऊन बसला.

लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची. जावई घड्याळं दुरुस्त करायचा. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दोन्ही खोल्यांत मिळून सतरा घड्याळं, सगळी सेकंदाला सेकंद जुळलेली. लेक सातव्या महिन्यात असताना तिचं रक्त तपासलं, तर फारच कमी भरलं. गोळ्या सुरू झाल्या, औषध सुरू झालं. धाकट्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं आणि वर सांगितलं, की तुझ्या बाळाला ते एक मिनिट मिळालंच पाहिजे.

संध्याकाळी लेक आईकडे आली, खुर्चीत हळूच टेकली आणि म्हणाली, "आई, तू मला शब्द दे. माझ्या बाळाच्या नाळेला तू एक मिनिट हात लावणार नाहीस."

"दिला."

"असा पटकन देऊ नकोस."

"अगं, पटकन काय, हळू काय! माझी लेक, माझं नातवंड. मला काय हाताचा आवर नाही?"

लेकीने फोन काढला आणि त्यावर बाळ रडल्याचा आवाज लावला.

कट्‌.

दोघींनी खाली पाहिलं. चिमटा लेकीच्या पर्सच्या बंदाला लागला होता.

"बघ," लेक म्हणाली. "आई, रागावू नकोस. पण तुला हे जमेपर्यंत मी तुला आत येऊ देणार नाही. बाळंतपणाला तू बाहेर बस."

 अर्ध्या गावाची पोरं चिमटाबाईंनी झेलली होती. आज बाजारात मिशा पिळत फिरणारे बाप्ये त्यांच्याच हातात पहिल्यांदा रडले होते. आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी बाकावर बसायचं? बाहेर? तिथे बसलेल्या सासवांसारखं, पिशवी मांडीवर घेऊन?

"मी शिकेन," त्या म्हणाल्या.

आणि मग शिकवणीचा जो काही धुमाकूळ सुरू झाला, तो दोन महिने चालला.

जावयाने त्यांना एक थांबघड्याळ दिलं. वरचं बटण दाबलं की काटा निघायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. "आई, मिनिट फार मोठं असतं," तो अगदी मनापासून म्हणाला. "लोकांना वाटतं चुटकीसरशी जातं. मी रोज बघतो ना. साठ सेकंदांत गिऱ्हाईक दुकानातून तीनदा निघून जातं आणि दोनदा परत येतं."

"जावईबापू, तुम्ही बटण कुठलं ते सांगा, बाकी मी बघते."

पहिल्या दिवशी बाई दुधापाशी उभ्या राहिल्या. दूध वर येऊ लागलं की मिनिटभर काही करायचं नाही, असा त्यांचा बेत. दुधाने तो बेत ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली तर मिनिटभर उठायचं नाही असं ठरवलं. पोस्टमन पत्र परत घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्या उजव्या हातावर बसून फोनवरचं रडणं ऐकू लागल्या. हाताला मुंग्या आल्या, हात बधिर झाला, आणि बाई आनंदाने ओरडणार की जमलं, एवढ्यात डाव्या हाताने खुर्चीच्या गादीला चिमटा लावला. डावा हात आजवर कधी या भानगडीत पडला नव्हता. बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

प्रसूतिगृहात बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळेच मदतीला धावले, आणि त्यांच्या मदतीने बाईंचा जीव मेटाकुटीला आला. औषधांच्या खोलीतला माणूस त्या दिसल्या की तोंडाने ट्यँहँ करायचा. स्वयंपाकीण ट्यँहँ करायची. एक दिवस मोठे डॉक्टर जिन्यात भेटले, इकडेतिकडे कुणी नाही असं बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने हळूच ट्यँहँ म्हणाले. चिमटा त्यांच्या टायला लागला.

"वा!" मोठे डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "सिस्टर, हा हात बिघडवू नका. हा हात मी घडवलाय." आणि चिमटा तसाच ठेवून ते दिवसभर टाय घालून फिरले.

बाई मात्र रडकुंडीला आल्या. घडवलेला हात मोडायचा कसा, हे कुणी शिकवलंच नव्हतं. नोकरीला लागल्या तेव्हा एक म्हाताऱ्या सिस्टर तिथे होत्या. त्या नाळेवर दोन बोटं ठेवून उभ्या राहायच्या, काही न बोलता, कितीतरी वेळ. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना एकदा फैलावर घेतलं होतं, "नाडी बघत बसलात काय!" तेव्हा तरुण चिमटाबाई तोंड दाबून हसल्या होत्या. आता त्या म्हाताऱ्या सिस्टर कुठूनतरी याव्यात आणि आपल्याला ते उभं राहणं शिकवावं असं त्यांना फार वाटायला लागलं.

नववा महिना लागला. बाईंची प्रगती एवढीच, की चिमटा लागण्याआधी आता त्या "अगं बाई" म्हणू शकत होत्या.

आणि तारखेच्या नऊ दिवस आधी, भर दुपारी, लेकीला कळा सुरू झाल्या.

बाई कामावरच होत्या. जावई लेकीला धरून आत आणत होता, दुसऱ्या हातात थांबघड्याळ, आणि शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. धाकट्या डॉक्टर नेमक्या त्या दिवशी दुसऱ्या गावी गेल्या होत्या. तिथे दोनशे डॉक्टर जमून नाळ कधी कापावी यावर भांडणार होते. दुसरी सिस्टर तापाने घरी. राहिले मोठे डॉक्टर आणि चिमटाबाई. जगात न थांबणारी म्हणून जी दोन माणसं होती, तीच दोन.

"तू बाहेर," लेक दात-ओठ खात म्हणाली.

"अगं, दुसरं कुणी नाहीये!"

"मग... मग हात... आई गंऽऽ!"

पुढचं बोलणं राहून गेलं, कारण बाळाला कुणाची वाट बघायची नव्हती. टेबल, दिवा, गरम टॉवेल, इंजेक्शन भरून ट्रेमध्ये मोठ्या डॉक्टरांच्या हाताशी, हे सगळं बाईंनी डोळे मिटून केलं असतं तरी झालं असतं इतकं अंगवळणी पडलेलं होतं. जावई डोक्याशी उभा राहिला, थांबघड्याळ दोन्ही हातांत धरून, जणू तेच बाळ होतं. बाईंनी चिमट्याचं नवं पाकीट फोडलं आणि चिमटा उघडून उजव्या हातात धरला. धरायला नको होता. पण एकतीस वर्षं डोकं दिसलं की चिमटा हातात असायचा, म्हणून होता.

"डोकं दिसतंय," मोठे डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, तयार?"

"तयार," हात म्हणाला. बाईंचं तोंड नुसतं त्याला साथ देत होतं.

शेवटची कळ आली तेव्हा लेकीने जे हाताला लागेल ते पकडलं. हाताला लागली आईच्या उजव्या हाताची लांब बाही. तिने अशी काही ओढली, की बाही बोटांपर्यंत उतरली आणि बाई टेबलाच्या कडेवर आदळल्या, तिच्या चेहऱ्याजवळ, कपाळाला कपाळ लागलं. त्याच क्षणी बाळ बाहेर आलं आणि खोलीभर रडलं.

ट्यँहँ!

कट्‌.

"मुलगी!" मोठे डॉक्टर म्हणाले. बाळ पुसून त्यांनी लेकीच्या पोटावर ठेवलं, वर टॉवेल टाकला, मांडीत इंजेक्शन दिलं आणि न बघता हात पुढे केला. "चिमटा."

"लागला, सर."

"कुठे?"

बाईंनी उजवा हात वर केला. त्याच्यासोबत लेकीचा हात वर आला. बाईंची बाही आणि लेकीच्या गाऊनची बाही, दोन्ही एकत्र, चिमट्याच्या दातांत गच्च धरलेल्या.

जावई आधी हसला. मग लेक हसली, घामाने डबडबलेली, अर्धी रडत. आणि ती हसली तसं तिच्या पोटावरचं बाळही वरखाली व्हायला लागलं आणि रडायचंच विसरलं.

"हसा," मोठे डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे स्टीलचा आहे." आणि त्यांनी ट्रेमधला स्टीलचा चिमटा उचलला.

चिमटाबाईंनी ते पाहिलं. हात तर गेला होता, अडकला होता, कामातून गेला होता. पण तोंड मोकळं होतं.

"सर, हात खाली."

 एकतीस वर्षांत त्यांनी मोठ्या डॉक्टरांना 'हो सर'च्या पुढे फारसं काही म्हटलेलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

"हात खाली ठेवा सर. बाळ रडलंय, गुलाबी आहे, लेकीला काही होत नाहीये, मी बघतेय ना. मी शब्द दिलाय. हात ऐकत नाही माझा, तर निदान तुम्ही ऐका."

मोठे डॉक्टर स्टीलचा चिमटा हवेत धरून उभे राहिले. मग, काय करावं ते न सुचल्यामुळेच बहुधा, त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं नाळेवर ठेवली.

आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अरे, नाडी चालू आहे," ते म्हणाले. "चांगली जोरात आहे. टण्‌, टण्‌, टण्‌. सिस्टर, हे... ही कधी बघितलीच नाही मी. आपण थांबतोच कुठे." त्यांनी स्टीलचा चिमटा खाली ठेवला आणि जरा वाकले. "निळसर आहे. जाड दोरखंड आहे नुसता. चालूच आहे हो. जावईबापू, किती झालं?"

जावयाने थांबघड्याळाकडे बघितलं. पुन्हा बघितलं. कानाला लावून बघितलं.

"मी," तो म्हणाला, "मी बटण दाबलंच नाही."

"घड्याळजी ना तुम्ही?"

"हो. पण ती एकदम आली!"

आता किती झालं हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "अर्धा तास." जावई म्हणाला, "दहा सेकंद." बाईंना विचारलंच नाही, कारण त्या नातीकडे बघत होत्या आणि नात एक डोळा उघडून दिव्याकडे. मोठे डॉक्टर मात्र क्रिकेटचा सामना सांगावा तसे सांगत होते: "अजून आहे... जरा मंद झाली... थांबली! नाही, नाही, आहे... हळूहळू येतेय... पांढरी पडायला लागली बघा, अशी चपटी... हं. हं. आता नाही."



मग मोठ्या डॉक्टरांनी आणखी एक नवं पाकीट फोडून चिमटा लावला आणि कात्री जावयाच्या हातात दिली. बटण दाबायला विसरलेल्या त्या माणसाने मात्र कात्री अशी सरळ चालवली, की बाईंनी मनातल्या मनात त्याचे सगळे गुन्हे माफ केले. थोड्या वेळाने वार पडली, अख्खी. रक्तस्राव रोजच्याएवढाच होता. बाईंनी डाव्या हाताने सगळं तपासलं, कारण उजवा लेकीकडे होता.

संध्याकाळी धाकट्या डॉक्टर धापा टाकत आल्या, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"सर! किती वेळ थांबलात?"

"घड्याळ बंद होतं," मोठे डॉक्टर रुबाबात म्हणाले. "आणि कावीळ झाली तर तुमच्या माथी, डॉक्टर. उद्या-परवा नीट लक्ष ठेवा." मग जिन्याची पहिली पायरी चढले आणि वळले. "सूनबाई, तिथून आणलेले कागद तेवढे वर आणा. वाचतो. पटतील असं नाही म्हणत मी."

खोलीत लेक झोपली होती. बाळ तिच्या छातीवर होतं. चिमटाबाई खाटेशेजारी खुर्चीत होत्या, बाही लेकीच्या बाहीला अडकलेली, हात तिच्या हातावर. चहा आला आणि गार झाला. स्वयंपाकीण दोनदा डोकावून गेली.

"सोडवत का नाही कुणी तुम्हाला?"

"चिमट्याची कातरी सापडत नाहीये," बाई म्हणाल्या.

"सगळीकडे शोधली?"

"सगळीकडे."

तेवढ्यात बाळ जागं झालं आणि रडलं. स्वयंपाकिणीची, जावयाची आणि दारातल्या धाकट्या डॉक्टरांची नजर एकदम बाईंच्या उजव्या हाताकडे गेली. हात लेकीच्या हातावर होता तिथेच होता.

बाईंनी डावा हात हळूच खिशात घातला, कातरी आणखी थोडी खोल सरकवली, आणि मग त्याच हाताने नातीला थोपटायला लागल्या.